सकाळची अंबिका

"अंबिका, इतना गरम पानी? मेरेको आलू समझती क्या?" सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

"कल ठंडा था, आज गरम है. माताजी, तुम एक बार तय कर लो," मी म्हणालो आणि टॉवेल पिळला.

अंबिका म्हणजे मी. खरं नाव अच्युत, वय एकसष्ट, नापतौल विभागातून निरीक्षक म्हणून निवृत्त. तीस वर्षं मी इंदूरच्या दुकानदारांचे तराजू तपासले, आणि आता रोज सकाळी सात ते नऊ माझ्या सासूची कामवाली असतो. हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं. मलाही सुरुवातीला आलं होतं.

सासूबाईंच्या डोळ्यांवर पदर होता. या दोन तासांत त्या डोळे उघडत नाहीत, तोंड भिंतीकडून वळवत नाहीत आणि मराठी बोलत नाहीत. मीही बोलत नाही. मी त्यांची पाठ पुसली, पावडर लावली, डायपर वेगळ्या पिशवीत बांधला. तो चुकून ओल्या कचऱ्यात गेला तर कचरागाडीवाला अख्ख्या गल्लीसमोर भाषण देतो.

"तेरे हाथ में जान नहीं है," त्या म्हणाल्या. "मेरे दामाद जैसी है तू. दिखने को लंबी-चौड़ी, काम की कुछ नहीं."

"वो दामाद ही खिला रहा है, माताजी."

"खिलाता है तो मुँह भी बनाता है. काटेवाला है ना. एक-एक निवाला तौल के देता है."

मी त्यांची कूस जरा जोरातच बदलली. त्या कण्हल्या नाहीत. त्यांनी कण्हावं अशी माझी इच्छा होती.

तेवढ्यात दार करकरलं. फटीत मधुवंती उभी होती, माझ्या मेहुण्याची बायको. ती आणि विजय आदल्या संध्याकाळी पुण्याहून आले होते. हातात फोन, तोंड अर्धवट उघडं. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी मानेनंच तिला जायची खूण केली आणि सासूबाईंच्या अंगावर पांघरूण ओढलं.

"कौन है, अंबिका?"

"कोई नहीं. हवा है."

"तो दरवाजा भिड़ा दे और जा."

मी दार ओढून घेतलं, हात धुतले, शर्ट बदलला. मग रोजच्याप्रमाणे दाराशी खाकरून आत गेलो. सासूबाईंचा पदर डोक्यावर नीट होता, चष्मा लावलेला होता.

"या जावईबापू. चहा झाला का तुमचा?"

"होतोय. झोप लागली ना?"

"लागली. अंबिका आत्ताच गेली. बोलते फार मेली."

हे आमचं रोजचं. पण त्या दिवशी स्वयंपाकघरात मधुवंती माझी वाट बघत उभी होती.

"भाऊजी, आई तुम्हाला अंबिका म्हणत होत्या," ती हळू आवाजात म्हणाली. "कधीपासून असं होतंय? त्या ओळखत नाहीत तुम्हाला?"

स्वयंपाकघरापासून सासूबाईंची खोली आठ पावलांवर, आणि त्यांचे कान माझ्याहून तिखट. मी काय सांगणार होतो? जे सांगायचं ते त्यांच्या कानावर गेलं असतं, आणि न सांगणं हाच तर त्या सगळ्याचा पाया होता.

"सकाळी सकाळी होतं तसं कधीकधी," मी चहा गाळत म्हणालो.

तीस वर्षांत चुकीच्या वजनावर मी कधी शिक्का मारला नव्हता. तो त्या सकाळी मारला, आणि त्याचे परिणाम काय होतील याचा विचारही केला नाही.

*

सासूबाईंना, म्हणजे शशिकलाबाईंना, मी पहिल्यापासून आवडलो नाही. त्यांच्याकडचे सगळे होळकरांच्या दफ्तरातले, त्यांना जावई निदान तहसीलदार तरी हवा होता. पूर्वानं मला पसंत केलं तेव्हा त्यांनी माझं नाव काटेवाला ठेवलं, आणि ते माझ्या कानावर येईल अशी व्यवस्थाही केली. शिवाय त्यांच्या घरात एक पद्धत होती. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं पाणी तोंडाला लावायचं नाही. आम्हाला मूल झालंच नाही. सव्वीस वर्षं ही बाई आमच्याकडे आली की स्वतःचा फिरकीचा तांब्या घेऊन यायची, चार माणसांत तो टेबलावर ठेवायची आणि त्यातलं पाणी सावकाश प्यायची. पूर्वा दर वेळी उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. त्या तांब्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही, आजही नाही.

तीन वर्षांपूर्वी त्या स्नेहलतागंजातल्या भाड्याच्या घरात पडल्या आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. पूर्वा त्यांना आमच्याकडे घेऊन आली. दोन महिन्यांनी पूर्वाच गेली, अकरा दिवसांच्या तापात. तेराव्याला विजय हात जोडून म्हणाला, "जिजाजी, सध्या आईला इथेच राहू द्या. मग बघू." ते सध्या अजून चालू होतं. आधी त्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्ट लागली तेव्हा मुलीची दहावी आली. मग बारावी.

खरी अंबिका महूकडची. खणखणीत आवाजाची बाई, सासूबाईंच्या एका शिवीला दोन शिव्या द्यायची, त्यामुळे टिकली. आठ महिन्यांपूर्वी तिचा मुलगा तिला देवासला घेऊन गेला. तिच्यानंतर तीन बायका आल्या. एकीच्या हाताला वास येत होता, दुसरी चोरटी दिसत होती, तिसरीनं स्वतःच पाचव्या दिवशी सासूबाईंना हात जोडले आणि चपला घातल्या.

मग दोन दिवस कुणीच नव्हतं. सासूबाई तशाच पडून राहिल्या. मला खोलीत पाऊल टाकू देईनात. तिसऱ्या दिवशी मी गरम पाण्याची बादली घेऊन दारात उभा राहिलो.

"जावईबापू, आत येऊ नका," त्या ओरडल्या. "जावयाचा हात लागण्याआधी मी मरेन."

"मरा मग," मी म्हणालो. खरोखर म्हणालो.

जावयाला आमच्याकडे पाटावर बसवतात, अधिक महिन्यात वाण देतात, त्याच्यापुढे सासू मोठ्यानं बोलतसुद्धा नाही. त्याच्या हातून स्वतःची घाण काढून घेणं त्या बाईंच्या लेखी मरणाहून वाईट होतं. मला ते कळत होतं आणि त्याचाच राग येत होता. मी बादली तिथेच ठेवून वळलो, तेव्हा मागून आवाज आला, हिंदीत.

"अंबिका, आज कितनी देर कर दी."

मी वळून पाहिलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं आणि डोळ्यांवर पदर ओढला होता.  मी बादली पुन्हा उचलली.

"बस छूट गई थी, माताजी," मी म्हणालो आणि आत गेलो.

त्या दिवसापासून ते सुरू झालं. आती हूँ, करती हूँ म्हणताना पहिल्या दिवशी जीभ अडखळली, नंतर सरावली. आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जावयाला सासूशी भांडता येत नाही, सासूला जावयाशी भांडता येत नाही, पण अंबिकाला माताजींशी मनसोक्त भांडता येतं. मी तिच्या तोंडून सव्वीस वर्षांचं सगळं काढलं. "बेटी के घर अपना पानी लेके जाती थीं, शरम नहीं आई?" असं मी एकदा विचारलं, तर चार दिवस भिंतीकडून एक शब्द आला नाही. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "मेरी सास ने मेरी माँ से यही करवाया था. मैं क्या करती, मेरेको दूसरा कुछ आता ही नहीं था." आणि एकदा, मी पाय पुसत असताना, त्या म्हणाल्या, "आखिरी दिन मेरी बेटी ने मेरेको आवाज नहीं दी. दामाद को दी. मैं बाजू के कमरे में जाग रही थी." माझा हात थांबला. मग अंबिकानं दुसरा पाय पुसायला घेतला.

आमचं प्रेम जडलं असं कुणी समजू नये. नऊ वाजता शर्ट बदलला की मला त्या बाईंचा तितकाच राग यायचा. पण त्या दोन तासांच्या जोरावर मला उरलेले बावीस तास काढता यायचे, आणि मला वाटतं त्यांनाही.

मधुवंतीकडे याहून चांगले उपाय होते. घरच्या वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनी स्वतःचा ताण कसा हलका करावा, यावर ती मला पुण्याहून दर रविवारी काहीतरी पाठवायची. दीर्घ श्वास घ्या. कृतज्ञतेची वही ठेवा. एखादा छंद जोपासा. मदत मागायला लाजू नका. मी एकदा न लाजता मदत मागितली, पंधरा दिवस या म्हणून लिहिलं. तिनं जोडलेले दोन हात पाठवले आणि खाली आणखी एक लिंक.

*

विजय पोहे खात होता. पंचवीस वर्षं पुण्यात राहून त्याची मराठी धुतल्यासारखी झाली आहे, पण पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला त्यानं दोनदा मागून घेतला.

"जिजाजी, मधू म्हणतेय तसं असेल तर हे आता घरी सांभाळण्यासारखं राहिलेलं नाही," तो म्हणाला. "माणूस ओळखत नाही म्हणजे पुढची पायरी झाली. राऊ गावाच्या पुढे वृद्धांसाठी एक चांगलं केंद्र आहे. मधूनं बघून ठेवलंय."

"कधी बघितलं?"

"मागच्या महिन्यात. ऑनलाइन."

"मतलब आधीच ठरवून आलात. फक्त कारण मिळत नव्हतं."

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत असं कडू का बोलता? तुमच्यासाठीच चाललंय ना हे? अशा केंद्राचं नुसतं नाव काढलं तरी आई ताट भिरकावते. आता डॉक्टरांनीच सांगितलं, तर तिचाही नाइलाज होईल."

"खाली-पिली गोड बोलायला मला टाइम नसतो, भिया," मी म्हणालो. "प्लेट सिंकमध्ये ठेव."

मधुवंतीनं तोवर फोन करून डॉक्टरांची चारची वेळ घेतलीसुद्धा होती. स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टर, घरी येणार होत्या.

आता खरं ते सांगतो. मला त्या जायला हव्या होत्या. घड्याळ न बघता कोपऱ्यावर पोहे खायला जावं, महूला मित्राकडे दोन दिवस राहून यावं, अंगाला फिनाइलचा वास नसावा, एवढंच मला तीन वर्षं हवं होतं. त्यासाठी मला काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. सकाळी मारलेला शिक्का तसाच राहू द्यायचा, म्हणजे चारला डॉक्टर येतील, सासूबाई वेड्या ठरतील, गोळ्या सुरू होतील आणि गोळ्यांच्या गुंगीत त्या राऊला जातील.

पण ती बाई वेडी नव्हती. दुष्ट होती, हट्टी होती, सव्वीस वर्षं माझ्या बायकोला रडवणारी होती, पण तिच्या डोक्यात रतीभर खोट नव्हती. आणि तिला वेडी ठरवणार ते मी फेकलेल्या एका वाक्यावर. मी माझे पोहे तसेच झाकून ठेवले.

दुपारी विजय आणि मधुवंती आडवे झाले तेव्हा मी सासूबाईंच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं, आणि दाराला पाठ टेकून हिंदीत बोललो.

"माताजी, चार बजे डाक्टरनी आ रही है. पूछेगी अंबिका कौन है. उसको सच बोल देना. नहीं तो ये लोग तुमको पागल समझेंगे."

सासूबाई जपमाळ ओढत होत्या. त्यांनी मणी सोडला नाही.

"माताजी, सुना क्या?"

"जावईबापू," त्या मराठीत म्हणाल्या, अगदी थंड आवाजात, "भर दुपारी दार लावून काय हवंय तुम्हाला? उघडा ते. घरात सून आहे."

मी दार उघडलं आणि बाहेर आलो. इतका संताप आला होता की गॅलरीत जाऊन मी वाळत घातलेली त्यांची लुगडी पुन्हा पिळली.

*

डॉक्टर सुरभी तिशीच्या असतील. शांत बाई, इंदूरच्याच. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. विजय खिडकीशी, मधुवंती पायथ्याशी, मी दारात.

"आजी, आज वार कोणता?"

"मंगळवार. आणि तुमचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे."

डॉक्टर हसल्या. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तर सासूबाई थेट दोनपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आता आणखी खाली जाऊ?" चमचा, आंबा, रूळ हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, ते त्यांनी विचारायच्या आधीच म्हणून दाखवले. कागदावर काढलेलं घड्याळ माझ्या घड्याळापेक्षा गोल होतं. विजयचा चेहरा उतरत चालला होता.

"छान. आजी, हे कोण?" डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं.

"आमचे जावई. अच्युतराव."

"आणि सकाळी तुमचं सगळं कोण करतं?"

"अंबिका."

डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं. "अंबिका तर आठ महिन्यांपूर्वी सोडून गेली ना?"

"रोज येते. आजही आली होती. पाणी फार कढत आणलं मेलीनं."

मधुवंतीनं विजयकडे पाहिलं. विजयनं श्वास सोडला, तो मला दारात ऐकू आला. डॉक्टर काहीतरी लिहायला लागल्या. गप्प बसायचं असेल तर हीच वेळ होती.

"डॉक्टर, ती अंबिका मीच आहे," मी म्हणालो.

 मग मी सगळं सांगितलं. बाई मिळत नव्हती ते, दोन दिवस त्या पडून राहिल्या ते, पदर, भिंत, हिंदी. "यांना बिल्कुल काही झालेलं नाही. त्यांना पक्कं माहीत आहे की मीच असतो. जावयाकडून करून घ्यायला लाज वाटते म्हणून हे नाटक आहे, आणि ते आम्ही दोघांनी मिळून चालवलंय. सकाळी मी मधुवंतीला खोटं बोललो."

"जिजाजी, तुम्ही आईला…" विजय म्हणाला.

"हो. मी. आठ महिने. तू काय समजत होतास, कोण करत असेल?"

"आजी," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "हे काका म्हणतायत ते खरं आहे का? खरं असेल तर त्यात वाईट काही नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं. त्या नजरेत राग असता तर मला चाललं असतं, रागाची मला सवय होती. पण त्या घाबरल्या होत्या. चादर त्यांनी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"डॉक्टर, जावईबापू थकलेत," त्या म्हणाल्या. आवाज स्थिर होता. "लेक गेल्यापासून एकटे असतात. असं काहीबाही बोलतात. त्यांना काही औषध असेल तर द्या. आमच्या घरात जावयाला ताटात मीठसुद्धा दुसऱ्यांदा मागू देत नाहीत, आणि हे काय बोलतायत बघा."

झालं. खोट माझ्यात निघाली. सकाळी मला फक्त पांघरूण ओढताना पाहिलेली मधुवंती माझ्याकडे ज्या कणवेनं बघायला लागली, ती मी जन्मात विसरणार नाही.

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेल्या आणि एका छापील कागदावरून प्रश्न विचारले. झोप लागते का. चिडचिड होते का. सगळं सोडून पळून जावंसं वाटतं का. मी सगळ्यांची खरी उत्तरं दिली, कारण मला तेवढंच येतं. वीसपैकी सतरा गुण पडले. जास्त गुण म्हणजे वाईट.

"काका, आजी मला तल्लख वाटतात," त्या म्हणाल्या. "घरात एक कुणीतरी खरं सांगत नाहीये, आणि एका भेटीत मी ठरवू नाही शकत की कोण. मी गोळ्या लिहून देणार नाही. पण हा तुमचा स्कोर बघून सांगते, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. आजींची महिनाभर दुसरीकडे सोय होत असेल तर करा."

"बघा," मधुवंती म्हणाली. "मी केव्हाची पाठवतेय भाऊजींना."

डॉक्टर गेल्यावर सासूबाईंनी आतून हाक मारली, विजयला.

"ते राऊचं काय म्हणत होतास तू? तिथे कामाला बायकाच असतात ना?"

"हो आई. सगळ्या बायकाच."

"मग उद्याच सोड मला."

विजय इतका चकित झाला की त्यानं दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा तेच सांगितलं. मी पॅसेजमध्ये उभा होतो आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. वेड्या ठरल्या असत्या तरी त्या माझ्याच घरात राहायला भांडल्या असत्या, ताटं भिरकावली असती. पण आता लेकाला आणि सुनेला माहीत झालं होतं. त्यांनी कितीही नाकारलं तरी ते वाक्य घरात बोललं गेलं होतं, आणि त्यानंतर त्यांना डोळ्यांवर पदर घेऊन मला अंबिका म्हणता येणार नव्हतं. मी त्यांना वाचवायला गेलो आणि त्यांची एकुलती एक आडोशाची जागा मोडून ठेवली. मला स्वतःची किळस आली, आणि त्यांचा रागही आला, की मेली तरी हो म्हणणार नाही ही बाई.

*

दुसऱ्या दिवशी सातला मी पाणी तापवलं. कोमट केलं. बादली घेऊन दारात उभा राहिलो आणि दार वाजवलं. रोज वाजवत नसे.

"कोण आहे?" मराठीत आवाज आला.

"अंबिका," मी म्हणालो.

आतून जपमाळेचे मणी वाजले.

"अंबिकानं काम सोडलं," त्या म्हणाल्या. "मधुवंतीला पाठवा, जावईबापू."

मधुवंती आत गेली. मी गॅलरीत बसलो तरी ऐकू येत होतं. पाणी सांडलं, काहीतरी पडलं, मधुवंती तीनदा सॉरी म्हणाली. सासूबाईंचा आवाज एकदाही आला नाही. त्या तिला शिव्या देतील अशी मी वाट बघत होतो. पाऊण तासानं ती बाहेर आली, केस चेहऱ्याला चिकटलेले, हात कोपरापर्यंत ओले.

"भाऊजी, हे रोज…?"

"दीर्घ श्वास घ्या," मी म्हणालो.

बोलल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. मी तिला टॉवेल आणून दिला.

दहाच्या सुमाराला गाडी आली. सामान फारसं नव्हतं. दोन पिशव्या, जपमाळ, पूर्वाचा एक फोटो, जो त्यांनी मला न विचारता कपाटावरून उतरवून घ्यायला लावला. व्हीलचेअर विजयनं ढकलली. मी फाटकाशी उभा राहिलो. मदत करू का, असं मी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

विजयनं गाडीचं दार उघडलं आणि आईचे पाय आधी आत घालायला लागला. हे सगळेच चुकीचं करतात. उजवा खुबा तसा वळत नाही. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला, ओठ आत ओढले गेले, पण त्या बोलल्या नाहीत. विजयला वाटलं जमतंय, म्हणून त्यानं आणखी जोर लावला. मधुवंती दुसऱ्या बाजूनं ओढत होती. समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले होते.

मी आठ महिने रोज ती बाई पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर ठेवली होती. माझे हात आपोआप पुढे झाले होते, ते मी खिशात घातले. पुढे झालो नाही. रस्त्याकडे तोंड करून, कुणालाच न सांगितल्यासारखं, मोठ्यानं म्हणालो,

"पीठ गाड़ी की तरफ करो, माताजी. पहले बैठना. पाँव बाद में, दोनों साथ में."

विजयनं वळून माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं नाही. त्यांनी डोळे मिटले, विजयचा हात झटकून दाराची चौकट धरली, पाठ गाडीकडे केली आणि हळूहळू सीटवर टेकल्या.

"अब पाँव. जल्दी नहीं है."

दोन्ही पाय एकदम उचलून त्यांनी आत घेतले. थोडा वेळ तशाच बसल्या, डोळे मिटून, धापा टाकत. मग पदर डोक्यावर नीट केला, चष्मा लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"येते जावईबापू," त्या म्हणाल्या. "ऊन लागतंय, घरात व्हा."

गाडी निघाली. मी नाक्यापर्यंत ती दिसत होती तोवर उभा राहिलो. घरात आलो तेव्हा पावणेअकरा झाले होते आणि रात्रीपर्यंत मला काहीही काम नव्हतं.